वाचकांचे प्रश्न : वाड्याचा चौक, लेण्यातला अंधार आणि कॅमेऱ्याची जागा

सभोवारच्या छायाचित्रांतून आत हिंडता येईल अशी दृश्ये तयार करण्याविषयी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी काहींना या वेळी एकत्र उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे जोडून घेतली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : जुन्या नाशकात आमचा दुमजली वाडा आहे. भाऊबंदांचे एकमत होऊन तो पुढील वर्षी उतरवला जाणार आहे. त्याआधी देवडीपासून परसापर्यंत सारा वाडा अशा रीतीने टिपून ठेवावा की परगावी असलेल्या नातवंडांना संगणकावर त्यात हिंडता यावे, अशी इच्छा आहे. मोबाइलमधला पॅनोरमा पुरेल का? नसल्यास कॅमेरा कोणता घ्यावा आणि चित्रे कुठून घ्यावीत?
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : मोबाइलमधला पॅनोरमा ही एक आडवी पट्टी असते. त्यात समोरची ओसरी व्यवस्थित येते, पण डोक्यावरचा कडीपाट आणि पायाखालची फरशी दोन्ही सुटतात, आणि वाड्याच्या बाबतीत बहुधा हे सुटलेलेच अधिक मोलाचे असते. आपल्याला हवे असलेल्या दृश्यासाठी आडवे ३६० अंश आणि उभे १८० अंश, म्हणजे उभ्या राहिलेल्या जागेभोवतीचा संपूर्ण गोल टिपावा लागतो. हा गोल सपाट करून साठवला की रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट असलेले चित्र तयार होते. त्यात छत आणि जमीन विचित्र ताणलेली दिसतात, जगाच्या काही नकाशांत ध्रुवांजवळचे प्रदेश दिसतात तशीच. कारण अक्षांश-रेखांश सरळ चौकटीत मांडण्याची ही पद्धत मुळात नकाशाकारांची असून तिचे श्रेय इसवी सन १००च्या सुमारास होऊन गेलेल्या टायर येथील मॅरिनसला दिले जाते. पाहण्याचा प्रोग्राम हेच चित्र एका पोकळ गोलाच्या आतल्या बाजूवर चढवतो आणि पाहणाऱ्याचा डोळा त्या गोलाच्या केंद्रावर ठेवतो. तेव्हा ताण नाहीसा होऊन माजघर पुन्हा माजघरासारखे दिसू लागते.

मात्र या केंद्रावरून मान वळवता येते, पाऊल टाकता येत नाही, हे आधीच मनाशी पक्के करावे. एडिंबरोत काम करणारा चित्रकार रॉबर्ट बार्कर याने १७८७ मध्ये गोल चित्राचे पेटंट घेतले आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरजवळ त्यासाठी खास गोल इमारत उघडली. तिथेही प्रेक्षक मधल्या चौथऱ्यावर उभा राहूनच चोहीकडे पाहत असे. चालण्याचा भास हवा असेल, तर अशी अनेक केंद्रे ठेवून एकातून दुसऱ्यात जाण्याची सोय करावी लागते. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी १९७८ च्या सुमारास अ‍ॅस्पेन या गावातले रस्ते मोटारीवर बसवलेल्या कॅमेऱ्यांनी दर १० फुटांवर टिपून नेमके हेच केले, आणि आज नकाशांच्या संकेतस्थळांवर आपण रस्त्यावरून पुढे सरकतो तेही याच रीतीने. म्हणून आपल्या प्रश्नातील ‘कोणता कॅमेरा’ या भागापेक्षा ‘कुठून’ हा भाग मला कितीतरी महत्त्वाचा वाटतो.

कॅमेऱ्याचे थोडक्यात सांगतो. पाठीला पाठ लावलेली दोन फिशआय, म्हणजे अतिरुंद पाहणारी, भिंगे असलेले ३६० अंशांचे छोटे कॅमेरे या कामाला पुरतात. प्रत्येक भिंग अर्ध्या गोलाहून थोडे अधिक पाहते आणि दोन्ही चित्रे कॅमेरा किंवा त्याचे अ‍ॅप जोडून देते. जाहिरातीतला मेगापिक्सेलचा आकडा बाजूला ठेवून तयार चित्राच्या रुंदीला ३६०ने भागावे. ५,७६० पिक्सेल रुंदीच्या चित्रात एका अंशाला १६ पिक्सेल येतात आणि सुमारे १२,००० रुंदीच्या चित्रात ३३ येतात. निरोगी डोळ्याची तीक्ष्णता गाठायची तर एका अंशाला साधारण ६० लागतील. पहिल्या चित्रात तीन मीटरवरच्या भिंतीचा तीन मिलिमीटरहून मोठा तुकडा एकाच पिक्सेलमध्ये मावतो, तेव्हा तुळईवरची वेलबुट्टी ओळखू येईल, पण चौकटीवर बारीक कोरलेला शक वाचता येईलच असे नाही. असे तपशील साध्या कॅमेऱ्याने जवळून वेगळे घ्यावेत आणि दृश्यात त्या जागी खूण ठेवून तिला जोडावेत. अधिक महाग कॅमेरा घेण्यापेक्षा हा मार्ग उपयोगी पडतो. आणखी एक सूचना : व्हिडिओतून चित्रे काढू नयेत, फोटोच घ्यावेत, व्हिडिओतली प्रत्येक चौकट फोटोपेक्षा बरीच कमी तपशिलाची असते.

आता जागा. प्रत्येक खोलीच्या मधोमध कॅमेरा ठेवून मोकळे होण्याचा मोह बहुतेकांना होतो आणि त्यातून खोल्यांचा संग्रह तयार होतो, घर तयार होत नाही. माजघराच्या मध्यावरून स्वयंपाकघराच्या दाराची फक्त चौकट दिसते, पलीकडचे काहीच दिसत नाही. मग पाहणाऱ्याने खुणेवर बोट ठेवले की तो भिंतीतून आरपार फेकल्यासारखा दुसरीकडे जाऊन पडतो. सोपी कसोटी अशी की लागोपाठच्या दोन जागांपैकी एकीवरून दुसरी जागा, निदान तिची जमीन, उघड दिसली पाहिजे. त्यासाठी दारांपाशी जागा घ्याव्या लागतात, पण अगदी उंबऱ्यावर नव्हे. तिथे दोन्ही बाजूंच्या चौकटी कॅमेऱ्याला इतक्या जवळ येतात की जोड फाटतो. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून थांबावे. खोल्यांमध्ये दोन-तीन मीटर आणि चौकात चार-पाच मीटर अंतर चालते. चौकाचे चित्र तुळशीवृंदावनाच्या अगदी शेजारून घेतले तर अर्धा चौक झाकला जातो. चौकाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून घेतलेली दोन चित्रे एका मधल्या चित्राहून अधिक सांगतात. जिना हा सर्वांत अवघड भाग असतो, विशेषतः भिंतीच्या जाडीत दडवलेला. पायथा, मधली पायरी आणि माडीवर डोके निघते ती जागा, अशा तीन जागा तरी तिथे हव्यात. खालून थेट माडीवर नेले तर पाहणाऱ्याला दिशाच कळत नाही.

दिशेची आणखी एक गोष्ट फार कमी जण पाळतात. कॅमेऱ्याची एक ठरावीक बाजू प्रत्येक जागी एकाच दिशेला, समजा उत्तरेला, ठेवावी. तसे केले तर एका जागेवरून दुसरीकडे जाताना पाहणाऱ्याचे तोंड ज्या दिशेला होते त्याच दिशेला राहते. नाही केले, तर ओसरीकडे चालत असलेला माणूस पुढच्या क्षणी देवडीकडे तोंड करून उभा असतो. उंचीचेही तसेच : चालण्याच्या वाटेवर साधारण दीड मीटर ही उंची कायम ठेवावी, नाहीतर प्रत्येक पावलाला पायरी चढल्यासारखे वाटते. ओसरीवरची बैठक आणि देवघर मात्र बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्यावे, कारण त्या जागा बसूनच वापरल्या गेल्या आहेत आणि कोनाडे, खुंट्या त्याच हिशेबाने आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी वाड्याचा हाताने काढलेला ढोबळ नकाशा करून त्यावर जागांना क्रमांक द्यावेत आणि खण, दालने यांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यावरच लिहावीत. वाडा उतरवल्यानंतर ही नावे सांगणारे कोणी उरेलच असे नाही. कॅमेऱ्याला पाठ नसल्यामुळे फोनवरून बटण दाबताना भिंतीआड जावे लागते आणि जुन्या आरशांत कोण दिसते याकडे लक्ष ठेवावे लागते. घर फार आवरू नये, असे माझे मत आहे. रिकाम्या केलेल्या वाड्याची चित्रे इमारतीच्या जाहिरातीसारखी येतात.

प्रश्न : सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या सभामंडपाचे गोल दृश्य मी साध्या कॅमेऱ्याने, तो हातात धरून चोहीकडे फिरवत घेतलेल्या चित्रांतून जोडले. मंडपाबाहेरचा परिसर उत्तम जुळला, पण आतले खांब मधोमध तुटल्यासारखे दिसतात आणि एके ठिकाणी एक खांब दोनदा आला आहे. सॉफ्टवेअर बदलावे का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : सॉफ्टवेअर बदलून पहिला दोष जाणार नाही, कारण तो चित्रे घेतानाच तयार झाला आहे. एक डोळा मिटून समोर अंगठा धरावा आणि मग डोळ्यांची अदलाबदल करावी; अंगठा मागच्या भिंतीवर बाजूला सरकलेला दिसतो आणि भिंत मात्र जवळजवळ जागची हलत नाही. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. कॅमेरा हातात धरून आपण स्वतःभोवती फिरलात तेव्हा भिंगाने आपल्या शरीराभोवती एक वर्तुळ काढले, म्हणजे प्रत्येक चित्र वेगळ्या जागेवरून घेतले गेले. दूरच्या शिखरांना आणि प्राकाराला या सरकण्याने काही फरक पडला नाही, जवळच्या खांबांना पडला.

हा फरक मोजता येतो. दोन चित्रांच्या जागांमध्ये फक्त ३ सेंटिमीटरचे अंतर असले, तरी १ मीटरवरचा खांब सुमारे १.७ अंशांनी सरकतो. अंशाला १६ पिक्सेल असलेल्या चित्रात ही २७ पिक्सेलची चूक झाली, आणि ती कोणत्याही डोळ्याला दिसते. तोच खांब ५ मीटरवर असता तर चूक साडेपाच पिक्सेलवर आली असती आणि जोडाच्या कडा एकमेकींत मिसळताना बहुधा झाकली गेली असती. हातात धरलेला कॅमेरा ३ सेंटिमीटर नव्हे, सहज ३० सेंटिमीटर सरकतो.

उपाय म्हणजे कॅमेरा अशा बिंदूभोवती फिरवणे, ज्याभोवती फिरवल्यावर जवळची आणि दूरची वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकतच नाहीत. हा बिंदू भिंगाच्या आत, समोरून पाहिल्यावर प्रकाश आत सोडणारे छिद्र जिथे असल्यासारखे दिसते तिथे असतो. ट्रायपॉडचा स्क्रू कॅमेऱ्याच्या तळाला जिथे बसतो तिथे तो नसतो. म्हणून पॅनोरमासाठी ट्रायपॉडवर बसवायच्या खास हेडमध्ये कॅमेरा मागे सरकवण्याची सोय केलेली असते. बिंदू शोधण्यासाठी जवळ एक उभी काठी आणि तिच्या रेषेत दूरचा एखादा खांब धरावा, कॅमेरा डावी-उजवीकडे वळवून दोन्हींची रेष मोडते का ते पाहावे आणि मोडणे थांबेपर्यंत कॅमेरा पुढे-मागे करावा. एका भिंगासाठी हे एकदाच करावे लागते. दोन भिंगांच्या ३६० कॅमेऱ्यात हे करण्याची सोयच नसते, कारण त्याची भिंगे मुळातच एकमेकांपासून दूर असतात. तिथे कॅमेरा असा वळवावा की जोडाची रेष, म्हणजे कॅमेऱ्याची अरुंद कड, मोकळ्या जागेकडे येईल आणि भिंग थेट जवळच्या खांबाकडे पाहील.

दोनदा आलेल्या खांबाचे कारण वेगळे आहे. जोडकाम करणारा प्रोग्राम प्रत्येक चित्रातील ठळक ठिपके शोधून त्यांच्या भोवतालचे वर्णन तयार करतो आणि शेजारच्या चित्रात तसेच वर्णन कुठे आहे ते पाहतो. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेली सिफ्ट ही पद्धत यासाठी प्रसिद्ध आहे. त्यातून निघालेल्या जोड्यांपैकी विसंगत जोड्या गाळण्यासाठी रॅन्सॅक नावाची १९८१ मधील युक्ती अजूनही वापरात आहे. परंतु सभामंडपाचे खांब एकाच नमुन्यावर घडवलेले असतात, त्यामुळे एका खांबावरचे ठिपके दुसऱ्या खांबावरच्या ठिपक्यांशी तितकेच चोख जुळतात, आणि अशा शेकडो चुकीच्या जोड्या आपापसांत सुसंगत असल्यामुळे गाळणीतूनही निसटतात. शिल्पकारांचे कसब येथे संगणकाच्या मुळावर येते. हगिन या मोफत प्रोग्राममध्ये त्या दोन चित्रांमधल्या आपोआप मिळालेल्या सर्व जोड्या पुसून टाकाव्यात आणि हाताने नव्या द्याव्यात. खांबांऐवजी फरशीतील तडे, छताचे डाग, दगडाचा उडालेला टवका यांवर त्या द्याव्यात, कारण या खुणा एकमेवच असतात. पुढच्या वेळी लागोपाठच्या चित्रांत निदान एक-तृतीयांश भाग सामाईक ठेवावा.

प्रश्न : गोल दृश्यात खाली पाहिले की ट्रायपॉडचे पाय दिसतात. ते कसे काढावेत?
— एक वाचक, निफाड

उत्तर : ट्रायपॉड हलवून त्याच जमिनीचे वरून एक साधे चित्र घ्यावे आणि ते खालच्या भागावर बसवावे. त्यासाठी गोल चित्राचे खोक्याच्या असतात तशा सहा चौरस बाजूंत रूपांतर करून खालचा चौरस फोटो-संपादनात उघडावा. सपाट आयतावर ही दुरुस्ती करू नये, तिथे जमीन ताणलेली असते. घाई असेल तर बारीक उभा दांडा वापरावा, तो चित्रात जवळजवळ दिसतच नाही. फक्त तो वाऱ्याने पडू शकतो.

प्रश्न : पांडवलेणीच्या विहारात घेतलेल्या चित्रांत दार पांढरेफेक येते आणि आतील भिंत काळी. मोबाइलच्या लाइटने उजेड पाडला तर चालेल का? विद्यार्थ्यांसाठी लेण्यांची आभासी सहल तयार करायची आहे.
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : उजेड पाडू नये. एका बाजूने टाकलेला प्रकाश गोल दृश्यात त्याच्या सावल्यांसह दिसतो, आणि विहाराला एकाच दारातून प्रकाश मिळतो हे तिथल्या अवकाशाचे वैशिष्ट्यच त्यामुळे पुसले जाते. अडचण प्रकाशाच्या पल्ल्याची आहे. लक्स या प्रकाशाच्या एककात मोजले तर भर उन्हात प्रकाश १,००,००० लक्सच्या आसपास असतो, तर विहाराच्या मागच्या कोठडीत तो ५० लक्सच्याही खाली असू शकतो. इतका फरक एका चित्रात मावत नाही.

म्हणून एकाच जागेवरून, कॅमेरा जराही न हलवता, वेगवेगळ्या उघडीपीची (एक्स्पोजरची) पाच चित्रे घ्यावीत, प्रत्येकात दोन स्टॉपचे अंतर ठेवून. दोन स्टॉप म्हणजे चौपट. तेव्हा पहिल्या आणि पाचव्या चित्रात २५६ पटींचा फरक पडतो. सर्वांत काळ्या चित्रातून दाराबाहेरचे झाड आणि आकाश मिळते, सर्वांत उजळ चित्रातून मागची भिंत मिळते आणि प्रोग्राम त्यांचे एक चित्र करतो. आजच्या बहुतेक ३६० कॅमेऱ्यांत ही सोय असते. तिचा वापर करताना छिद्र, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि रंगसंतुलन ही तिन्ही हाताने बांधून ठेवावीत आणि फरक फक्त शटरच्या वेळेने करावा. रंगसंतुलन आपोआप ठेवले तर दाराकडची भिंत निळसर, आतील भिंत पिवळसर आणि जोड स्पष्ट, असा परिणाम होतो. एकत्र केल्यानंतर अंधार थोडा राहू द्यावा. आभासी सहलींमध्ये लेणी हल्ली मंगल कार्यालयासारखी उजळ दिसतात, आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष गेल्यावर भलतेच काही पाहिल्यासारखे वाटते.

सहलीचा आराखडा करताना २४ लेण्यांना समान जागा देण्याचे कारण नाही. क्रमांक ३ च्या विहारात गौतमी बलश्रीचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम सांगणारा लेख आहे, क्रमांक १० मध्ये क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत आणि क्रमांक १८ हे येथील एकमेव चैत्यगृह. या तिन्हींना वेळ द्यावा, बाकीच्यांना ओझरते दाखवावे. लेखांची अक्षरे गोल चित्रात वाचता येणार नाहीत. ती तिरप्या नैसर्गिक प्रकाशात साध्या कॅमेऱ्याने घेऊन जोडावीत. चैत्यगृहात स्तूपासमोर एक आणि स्तूप व खांब यांमधल्या वाटेत एक अशा जागा घेतल्या तर प्रदक्षिणेची कल्पना येते. हे केंद्र-संरक्षित स्मारक असल्याने ट्रायपॉड लावण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी आधी घ्यावी. शाळेच्या पत्रासह, उद्देश स्पष्ट लिहून अर्ज करणे हेच सोयीचे.

प्रश्न : एका जागेवरून दुसरीकडे उडी मारण्याऐवजी दृश्यात खरोखर मोकळेपणाने चालता येईल असे ‘स्प्लॅट’ नावाचे तंत्र आले आहे असे ऐकतो. मग गोल चित्रांचा खटाटोप कशाला?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : आपण म्हणता ते तंत्र गॉसियन स्प्लॅटिंग. ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी २०२० मध्ये नर्फ या नावाने ओळखली जाणारी पद्धत आली होती. दोन्हींत एकाच जागेची अनेक चित्रे देऊन, कोणत्या बिंदूवरून पाहिल्यास काय दिसेल, हे संगणकाला शिकवले जाते. स्प्लॅटिंगमध्ये जागा लाखो अर्धपारदर्शक रंगीत ठिपक्यांनी भरली जाते, आणि ते ठिपके रंगवणे इतके जलद होते की साध्या ग्राफिक्स कार्डावरही माणूस त्यातून हिंडू शकतो.

यातली गंमत अशी की सिन्नरच्या विद्यार्थ्याला ज्या पॅरॅलॅक्सने छळले, तोच येथे भांडवल आहे. जवळची वस्तू किती सरकली यावरूनच ती किती अंतरावर आहे हे संगणकाला कळते. एकाच बिंदूवरून कितीही उत्तम गोल चित्र घेतले, तरी त्यात वस्तू किती अंतरावर आहेत याची माहिती अजिबात नसते. म्हणून जोडकामासाठी कॅमेरा जागच्या जागी फिरवावा लागतो आणि स्प्लॅटसाठी तो सतत सरकत ठेवावा लागतो, दर अर्ध्या मीटरच्या आत नवे चित्र मिळेल इतका. ३६० कॅमेरा दोन्हींना चालतो, कारण त्याच्या प्रत्येक गोल चित्रातून सहा-आठ साधी चित्रे कापून, चित्रे कुठून घेतली ते शोधणाऱ्या कोलमॅपसारख्या प्रोग्रामला देता येतात आणि चोहीकडचे एकाच वेळी मिळाल्याने काम लवकर उरकते.

तरीही गोल चित्रे मोडीत निघालेली नाहीत. स्प्लॅटला चुन्याच्या कोऱ्या भिंती, काच, आरसे आणि पाणी जड जाते, कारण तिथे धरण्याजोगे ठिपके नसतात किंवा ते जागा बदलत राहतात. ज्या कोपऱ्यात कॅमेरा गेला नाही तिथे धुकट फाटके ढग दिसतात. गोल चित्रात जे आहे ते कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेले असते. नोंद म्हणून ठेवायच्या दृश्यासाठी मी आज तरी गोल चित्रेच मुख्य मानीन आणि एखाद्या दालनाचे स्प्लॅट त्यांना जोडीन.

प्रश्न : सिंहस्थापूर्वी रामकुंड आणि गोदाघाटाची अशी नोंद आमच्या मंडळाने करायचे ठरवले आहे. लोकांचे चेहरे येतात, त्याचे काय करावे? ड्रोन वापरता येईल का?
— एक कार्यकर्ता, पंचवटी

उत्तर : जुलै २०२२ मध्ये गूगलचे स्ट्रीट व्ह्यू भारतात सुरू झाले तेव्हा पहिल्या १० शहरांत नाशिक होते, आणि त्यातील चेहरे व वाहनांचे क्रमांक आपोआप पुसट केलेले असतात. निदान एवढे तरी आपणही केलेच पाहिजे. पण रामकुंडावर ते अपुरे आहे. तिथे कोणी अस्थिविसर्जनासाठी आलेला असतो, कोणी श्राद्धासाठी, स्त्रिया स्नान करीत असतात. चेहरा पुसट केला तरी तो प्रसंग टिपला जातोच. साध्या कॅमेऱ्यासमोर माणूस बाजूला होऊ शकतो, ३६० कॅमेरा आपल्याला पाहतो आहे हे मागे उभ्या असलेल्याला कळतही नाही. त्यामुळे कुंडाच्या काठावरून गर्दीच्या वेळी चित्रे घेऊ नयेत असेच मी सुचवीन. पहाटे, पुरोहित संघ आणि महापालिका यांना कल्पना देऊन, फलक लावून काम करावे.

तुरळक माणसे वगळण्याचा एक चांगला उपाय आहे. ट्रायपॉड न हलवता काही मिनिटांच्या अवधीत आठ-दहा चित्रे घ्यावीत आणि प्रोग्रामला प्रत्येक पिक्सेलसाठी त्यांतले मधले मूल्य घ्यायला सांगावे. जो माणूस एखाद-दुसऱ्या चित्रातच त्या जागी होता, तो नाहीसा होतो आणि घाटाच्या पायऱ्या उरतात. नदीचे पाणी मात्र याने काचेसारखे गुळगुळीत होते, तेव्हा पाण्याचा भाग एकाच चित्रातून घ्यावा.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात लाल, पिवळे आणि हिरवे विभाग दाखवलेले असतात. देवळालीचे लष्करी क्षेत्र आणि ओझरचा विमानतळ जवळ असल्याने नाशकात नकाशा पाहिल्याशिवाय काही गृहीत धरू नये. सिंहस्थाच्या काळात पोलिसांचे स्वतंत्र आदेशही असू शकतात. चार-पाच मीटरच्या दांड्यावर लावलेला कॅमेरा नारोशंकर मंदिराच्या प्राकाराजवळून घाटाचा विस्तार पुरेसा दाखवतो, आणि उडत नसल्याने तो ड्रोनच्या नियमांत येत नाही.

प्रश्न : तयार दृश्य संगणकावर दोनदा क्लिक करून उघडले तर काळा पडदा दिसतो. मित्राच्या फोनवर पाठवलेले चित्र नुसते आडवे, ताणलेले दिसते. चूक कुठे आहे?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनेलम किंवा मार्झिपॅनोसारखे मोफत दर्शक, म्हणजे गोल चित्र दाखवणारे प्रोग्राम, ब्राउझरमध्ये चालतात, आणि डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला इतर फायली वाचू देणे ब्राउझर सुरक्षिततेसाठी नाकारतो. दृश्य संकेतस्थळावर चढवल्यावर ते दिसेल. घरी पाहायचे तर संगणकावर छोटा स्थानिक सर्व्हर (ब्राउझरला फायली पुरवणारा प्रोग्राम) चालवून त्यातून उघडावे. तेव्हाही फोनवर काळे दिसले, तर चित्र फार मोठे असेल. जुन्या फोनची ग्राफिक्स चिप ४,०९६ पिक्सेलहून रुंद चित्र एका तुकड्यात घेत नाही. अशा वेळी दर्शकासोबत मिळणाऱ्या साधनाने चित्राचे सहा बाजूंत आणि त्यांचे लहान चौरसांत तुकडे करावेत. मग पाहणारा ज्या बाजूला वळेल तेवढेच तुकडे उतरतात आणि मंद इंटरनेटवरही अडत नाही.

मित्राच्या फोनवरचे चित्र ताणलेले दिसते, कारण ते गोल आहे असे सांगणारी नोंद फायलीतून निघून गेली आहे. कॅमेरा ती फायलीत लिहून ठेवतो, पण काही फोटो-संपादक जतन करताना आणि संदेशाची अ‍ॅप चित्र लहान करताना ती टाकून देतात. चित्र फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, आणि संपादनात नोंद गेली असेल तर मूळ फायलीतली नोंद एक्झिफटूलसारख्या मोफत साधनाने नव्या फायलीत उतरवावी. रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट आहे ना, हेही पाहावे. संपादनात एक-दोन पिक्सेल कापले गेले तरी काही दर्शक ते चित्र गोल मानत नाहीत.